दुपारची मिश्री

"मिश्री सोडली नाही, तर एकही दात राहणार नाही," असं जुळे सोलापुरातल्या डॉक्टरांनी बजावलं, तरी बसम्मा रोज दुपारी भाकऱ्या-भांडी उरकून डबी घेऊन मागच्या पायरीवर बसायचीच. आतून सासूनं हाक मारली, की नवराच म्हणायचा, "थांब की जरा, तिच्या तोंडात मिश्री हाय."

सांगून सांगून लेकीचं, दानेश्वरीचं तोंड दुखलं होतं. आज तिनं आईच्या हातातली डबी हिसकावली आणि मोरीत ओतायला उघडली.

आत मिश्रीचा कणही नव्हता. डबी घासून लख्ख केलेली.

"कवाच सोडली की गं," बसम्मा हळूच म्हणाली.

 

मग तिनं लेकीपुढं हात केला. "आण ती हिकडं. तोंडात बोट असलं, की या घरात कुणी काम सांगत न्हाय."