पॅकेटची विचारपूस

“परत माझाच कोड बंद केलाय, जसं काही मीच चोर!” शेजारच्या खुर्चीतली हेमांगी माझ्या कानाशी पुटपुटली.

दमलो होतो सगळेच. नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, आम्ही प्रत्येकाने आपापला कॉलबॅक जोडला होता. म्हणजे डेटाचं पॅकेट आलं रे आलं, की ड्रायव्हरने आधी आमच्या कोडला हाक मारायची, मग ते पुढे सोडायचं. ओ द्यायला एकानं जरी उशीर केला, तरी मागची पॅकेट्स गळून पडायची. तशी ती पडतच होती. उद्या ग्राहकाची माणसं बघायला येणार होती आणि जमलं नाही, तर आमची टीमच मोडणार होती.

म्हणून एकेकाचा कॉलबॅक बंद करून मोजणं चाललं होतं. माझा झाला, इरफानचा झाला, हेमांगीचा तर पुन्हा झाला. गळती तेवढीच. वर्तकसरांच्या कॉलबॅकला मात्र कुणी हात लावला नव्हता. हे काम आम्हाला शिकवलं त्यांनीच. त्यांचा कोड संथ कार्डांच्या काळातला, प्रत्येक पॅकेटला थांबवून नीट विचारपूस करणारा. अगदी त्यांच्यासारखाच.

सर चष्मा पुसत आमच्या मागे येऊन उभे राहिले. “हं, आता कुणाचा राहिला?”

इरफान गार झालेला चहा पिऊ लागला. मी उगाच गळतीचा तोच आलेख पुन्हा काढला.

हेमांगीने शेजारची रिकामी खुर्ची पुढे ओढली.

“तुमचा, सर. बसा ना इथं, आपण मिळून बंद करू.”