तेराचा रकाना

सकाळी सव्वाअकराला भांडारप्रमुख बाईंनी शीतखोलीच्या राखणदाराला, काकांना, आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. चौकशी समिती चारला यायची होती. लस टोचलेल्या सहा मुलांना गोवर निघाला होता. सहाही जणांची लस याच भांडारातून, गेल्या महिन्याच्या एकाच आठवड्यात बाहेर गेली होती.

टेबलावर त्या आठवड्याची तापमानाची वही होती. दर तासाला दारावरच्या यंत्रातला आकडा बघायचा आणि चौकटीत लिहायचा, एवढंच काम. आकडा दोन ते आठच्या मध्ये हवा. वर गेला की लस म्हणजे नुसतं पाणी. तीन पाळ्या, तीन माणसं, एका पानावर तीन रकाने. दुपारच्या आणि रात्रीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत पाच. सकाळच्या, म्हणजे काकांच्या रकान्यात तेरा. पुन्हा तेरा. मग चौदा. असं चार दिवस.

आज वही उघडल्यापासून बाईंना हे तेरा खटकत होतं. खरंच तेरा असतं तर महिनाभर कुणाच्या नजरेस पडलं नसतं? गोवराची बातमी फुटल्यावर ते मागाहून घुसडलेलं असणार. काकांचं दुपारच्या आणि रात्रीच्या दोघांशी वाकडं होतंच. पाळी बदलून मागितली तेव्हा दोघांनी मिळून मोडता घातला होता. आता दोघांना एकदम गोत्यात आणायची संधी आयती चालून आली होती. आणि आकडे तरी कसे? सगळ्या सरळ रेघा. काड्या जोडून उभे केल्यासारखे. सावकाश बसून काढलेले.

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "काका, तेरा लिहा."

काकांनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

"लिहा ना. वहीत तर झकास लिहिलंय."

"यंत्रावर दिसलं तर काढीन, बाई. नुसतं सांगून नाही येत."

"सोंग पुरे. सातवी पास आहात तुम्ही."

"दाखला खोटा आहे. चौदा वर्षं झाली, बाई. दिसतं तसं काढतो. एक रेघ इकडची तिकडे होऊ दिली नाही."

बाई उठल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या आठवर त्यांनी बोट ठेवलं. "हे किती?"

काकांनी मान वाकडी करून पाहिलं. "असलं गोल-गोल आमच्या दारावर येत नाही."

बाईंना हसू आलं नाही. ज्याला आठ कळत नाही, त्याला तेरा सुचणार कुठून? पण कुणी काढून दाखवलं असेल तर? "हे कुणी शिकवलं तुम्हाला? खरं सांगा."

"कुणी नाही. रोज एकच आकृती असते. त्या चार दिवसांत दोन-दोन दिसायला लागल्या. मला वाटलं, यंत्र बिघडलं. दुपारच्या दादांना सांगितलं, तर म्हणाले, काका, दिसतंय ते काढा, डोकं चालवू नका. स्वतः मात्र खुर्चीवरून उठले नाहीत." काकांनी हात जोडले. "दाखल्याचं समितीला कळू देऊ नका, बाई. दोन वर्षांनी निवृत्त होतोय. पेन्शन जाईल."

"बाहेर बाकावर बसा. बोलावल्याशिवाय कुणाशी एक अक्षरही बोलायचं नाही."

खात्री करून घ्यायचा एक मार्ग होता. वहीच्या प्रत्येक पानाखाली कार्बन असे. आठवडा संपला की खालच्या प्रती फाडून बाईंकडे येत. त्या प्रतींवर सही करून बाई त्या आपल्या कपाटात ठेवत. कपाटाची किल्ली फक्त त्यांच्याकडे होती. तेरा मागाहून घुसडलं असेल तर प्रतीवर ते असणारच नाही, आणि काकांचं नाटक तिथल्या तिथे उघडं पडेल.

बाईंनी कपाट उघडलं. गठ्ठ्यातून त्या आठवड्याचं पहिलं पान ओढून काढलं.

तेरा होतं. निळं, फिकट, तशाच सरळ रेघांचं. बाजूला दोघांचे पाच, ओळीने. तळाशी गेल्या महिन्याची तारीख, 'तपासले, ठीक', आणि बाईंची सही. दुसऱ्या पानावर तेच. तिसऱ्यावर, चौथ्यावरही तेच.

दारावर टकटक झाली. "बाई, मी जेवून येऊ का?" काकांनी बाहेरूनच विचारलं.

"या," बाई म्हणाल्या.

चारला समितीची गाडी फाटकात शिरली. वही टेबलावर होती. चार प्रती बाईंच्या पर्समध्ये होत्या.