तारेची बाई
अंबरनाथच्या आपल्या ब्लॉकचं पुठ्ठ्याचं मॉडेल करण्याआधी कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करणाऱ्या गुरुदत्तने मापंच बनवली. पितळी पट्टीवर फुटाला अर्धा इंच अशा खुणा कोरल्या. मग बायकोच्या, उमाच्या, उंचीवरून अडीच इंचांची तारेची बाई वळली. मॉडेल तयार झाल्यावर उमाने विचारलं, "ही कशाला?" "तपासायला. जिथे हिचं अडेल, तिथे माझं माप चुकलं." उमाला गंमत वाटली. तिने बाईला दारातून आत नेलं, मोरीपाशी वाकवलं, ओट्यापाशी उभं करून हात वर केला. हात डब्यांच्या फळीपर्यंत काही पोचेना. गुरुदत्तने पट्टी लावली, पुन्हा लावली. "फळीचं माप बरोबर आहे." "बरोबरच आहे," म्हणत उमाने शिवणाच्या डब्यातलं रिकामं रीळ बाईच्या पायाखाली ठेवलं. हात पोचला. गुरुदत्तने खऱ्या स्वयंपाकघरात पाहिलं. ओट्याखाली स्टूल होतं. वरची फळी त्यानेच ठोकली होती, स्वतःचा हात पुरेल तिथे.