डावा हात
गावात प्लेगनं उंदीर पडले, शाळेला कुलूप लागलं, सगळे रानात खोपी घालून राहिले. आपलं लेकरू सरकारी शाळेतली उर्दू अक्षरं विसरू नये म्हणून गुरुलिंगआप्पा रोज सकाळी त्याला शिकवायचे. आज पोरानं पाटीवर डाव्या हातानं लिहायला घेतलं आणि आप्पांचं टाळकं सणकलं. "पाटी म्हंजी देव हाय! तिला डावा हात लावतो?" तुरीची काटकी डाव्या बोटांवर सपकन बसली. "आप्पा, उजवा वर व्हईना." "शाळा बंद झाली की सोंगं सुचत्यात!" आणखी दोनदा बसली. पोरानं दात आवळून उजव्यानं ओळ काढली. "हात नीट धर," म्हणत बापानं त्याचा दंड उचलला. पोरगं किंचाळलं. काखेत लिंबाएवढी गाठ होती. हातातली काटकी गळून पडली. "ऱ्हाऊ दे, लेकरा. डाव्यानंच लिव." पोरानं सुजलेला डावा हात पाठीमागं लपवला. "नगं, आप्पा. उजव्यानंच लिवतो."