नारळाचा मान

खंडेनवमी होती. झेंडूच्या माळा घालून कारखान्यातल्या मशिनी माहेरवाशिणीसारख्या निवांत बसल्या होत्या. ज्यानं त्यानं आपलं हत्यार पूजेला मांडलं होतं. सुमेधाचा माप घ्यायचा व्हर्निअर अजून ॲप्रनच्या खिशातच होता.

पूजा झाली की साहेबांना उत्तर द्यायचं होतं. डिझाइनचं एम.टेक. करणार, की मॅनेजमेंट शिकून हा मशीन शॉप सांभाळणार? “मॅनेजर झालीस की हाताला तेल लागायचं नाही,” आई खुशीत म्हणाली होती. सुमेधाला धास्ती होती ती त्याचीच.

तेवढ्यात नारळावरून वाजलं. “फोडायचा मान लेथचा,” लेथवरचे सुतारकाका म्हणाले.

“दरसाल तुमचाच? आमचं मिलिंग म्हंजे काय पाटा-वरवंटा हाय?” चौगुलेमामा तडकले.

दोघं हटेनात. गुरुजी घड्याळ बघू लागले. सुमेधा दोघांच्या मधे जाऊन बसली.

“काका, तुमचा शाफ्ट मिलिंगवर गेल्याशिवाय गाडीला लागतो का?”

“न्हाई लागत.”

“मग नारळ तुम्ही धरा, कोयता मामा मारतील.”

“आणि हातावर बसला तर?”

“मिलिंगवाला हाय मी,” मामा म्हणाले. “केसभर हुकत न्हाई.”

सगळा शॉप हसला. काकांनी नारळ पुढं धरला आणि एका घावात तो फुटला.

प्रसाद वाटून झाल्यावर सुमेधाचा हात खिशाकडं गेला. व्हर्निअर पूजेत ठेवायचा राहूनच गेला होता, आणि दोघांचं जुळवण्यात ती इतकी रमली होती की तिला त्याची आठवणही झाली नव्हती. तिनं त्याला कुंकवाचं बोट लावलं आणि ती केबिनमध्ये गेली.

“मॅनेजमेंटला जाते, सर. व्हर्निअर मात्र खिशातच राहील.”