उघडायची वेळ

"मामा, परत तुमचीच सावली पडली की फुलांवर!" लेनी ओरडली.

यास्पर क्लूटे उन्हाकडे पाठ करून उकिडवा बसला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या या नामाक्वालँडात जन्म काढलेला माणूस, दुसरा कसा बसणार? इथली रानफुलं सगळी सूर्याकडे तोंड करून उभी. ती बघायची तर ऊन पाठीवर घ्यायचं, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं. आणि ही भाची, स्प्रिंगबोक गावात लग्नांचे फोटो काढणारी, म्हणत होती, उलट्या बाजूला जा.

"फुलांच्या पाठीचा कसला डोंबलाचा फोटो?"

"ऊन पाकळ्यांतून आरपार येतं, मामा. एकदा बघा तर खरं."

यास्पर कुरकुरत उठला. दुसऱ्या कशासाठी असतं तर हातातला कॅमेरा तिथेच टाकून गेला असता. पण त्याच्या बायकोने, द्रीकाने, एवढंच मागितलं होतं. यंदाची फुलं. दर वर्षी दोघं जोडीने रानात यायची. या वर्षी तिला अंथरुणातून उठवत नव्हतं, आणि पुढच्या वर्षाचं घरात कोणी बोलत नव्हतं. तोडून न्यावीत, तर ही हट्टी फुलं घराच्या सावलीत शिरताच मिटायची. म्हणून लेनीचा हा जुना कॅमेरा, ज्याचा फोकससुद्धा हातानेच लावायचा.

तो फुलांच्या मागे गेला आणि सरळ पोटावर आडवा झाला. लेन्सची कडी फिरवली. नुसतं केशरी धुकं. आणखी फिरवली, पाकळीची कड दिसली. तेवढ्यात वाऱ्याने फूल हललं आणि सगळं विस्कटलं.

"एकच फूल धरा. बाकीची धूसर होऊ देत," लेनी हळूच म्हणाली.

वारा पडला. यास्परने श्वास रोखून बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघतो तर काय, कंदिलाच्या काचेसारखी पाकळी आतून पेटलेली! त्याला भरून आलं. कपडे न झटकताच तो घराकडे धावला.

तोवर ऊन कललं होतं. द्रीकाने कष्टाने डोळे उघडले. कॅमेऱ्याच्या पडद्याकडे ती बराच वेळ बघत राहिली.

"सुंदर आलंय रे."

"उद्या याच्याहून झकास आणतो. ऊन चढलं की जातोच."

"ऊन चढलं की उघडतात, कललं की मिटतात. हो ना?"

"हो तर."

"माझंही तसंच झालंय, यास्पर. औषधाची गुंगी ऊन चढल्यावर उतरते. कललं की डोळे परत जड होतात. मधे जागी असते तेव्हा बघते, तर खिडकीजवळची तुझी खुर्ची रिकामी."

 तिच्यासाठीच तर रानात जीव आटवत होतो, असं यास्पर म्हणायला गेला, पण त्याऐवजी त्याने कॅमेरा बंद करून बाजूला ठेवला.

"वेडा कुठला," ती म्हणाली आणि तिचा डोळा लागला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. लेनी अंगणातून हाका मारायला लागली, "मामा, चला लवकर! वारा अजिबात नाहीये!"

"तू जा, पोरी," यास्पर आतून म्हणाला.

पडदा सारून तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसला, उन्हाकडे पाठ करून. द्रीकावर त्याची सावली पडली. तो चटकन उठला, खुर्ची उचलून पलंगाच्या पलीकडे नेली आणि उन्हाकडे तोंड करून बसला. त्याचे डोळे दिपले, पाणी यायला लागलं, पण तो हलला नाही.

ऊन तिच्या हनुवटीवरून गालावर आलं, मग पापण्यांवर. यास्पर श्वास रोखून बघत राहिला.