गार्डची जागा

चीनहून येणाऱ्या, पत्रा कापायच्या पॉवर प्रेसच्या बिलात सेफ्टी गार्ड वेगळा दाखवला होता. “तो वगळा, ड्युटी वाचेल,” कस्टम एजंट म्हणाला. कारखान्याचा मालक संग्राम, त्याने वगळला. गोखिवऱ्याच्या छोट्या कारखान्यांच्या गाळ्यांत गार्ड लावतंय कोण? प्रेस दसऱ्यालाच उतरली. गार्ड बसवायची भोकं उघडी दिसत होती, म्हणून त्याच्या बायकोने, विनिताने, त्यांत झेंडूचा हार अडकवला आणि मशीनला कुंकू लावलं. प्रेस तीच चालवायची, होळीच्या आदल्या दिवसापर्यंत. यंदाच्या दसऱ्याला मशीनवर गार्ड होता. संग्रामने तो पूर्ण ड्युटी भरून मागवला होता. हार अडकवायला भोकं उरली नव्हती, म्हणून विनिताने तो वर ठेवला. “कुंकू लाव ना,” संग्राम हळूच म्हणाला. तिने पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. त्याला अंगठा तेवढा उरला होता. “अहो, तुम्हीच लावा,” ती म्हणाली. “डाव्या हाताने कुंकू लावत नाहीत.”